दहा आणि तीन टिल्ल्या

माझ्या नावाचं नाणं आहे. खोटं वाटत असेल तर खिसा उलटा करून बघा, तळाशी दोनचार सापडतील. शर्टाच्या गुंडीएवढं, पत्र्यासारखं हलकं, फुंकर मारली तर टेबलावरून उडेल असं. सरकारी नाव शतांश. पण ते नाव सरकार आणि माझे बाबा सोडले तर कुणी घेत नाही. बाकी सगळं जग त्याला टिल्ली म्हणतं, आणि टिल्ली म्हणजे मी.

मोठ्या लोकांची नावं रस्त्यांना देतात, पुलांना देतात. त्यांच्या घरच्यांना अभिमान वाटत असेल. माझी तर गेले आठ महिने कुणी नुसते सुटे मागितले तरी कानशिलं तापतात.

आधी हे नाणं नव्हतंच. मोहर होती. मोहरेची अर्धी ती अधेली, अधेलीची अर्धी पावली आणि पावलीची अर्धी चवली. बास. कलिंगड कापावं तसा हिशेब. मधोमध, मग पुन्हा मधोमध, मग पुन्हा. आठ फोडी झाल्या की सुरी खाली ठेवायची. मग वरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की सगळं जग शंभराने मोजतं, आपणच का आठाने मोजायचं? झालं. एका मोहरेचे शंभर शतांश. अधेली पन्नासाची, पावली पंचवीसची, इथवर ठीक. पण चवली आली साडेबाराला, आणि अर्धा शतांश काही सरकारने पाडलेला नाही. म्हणून चवली मोडीत निघाली, आणि जे जे चवलीला मिळायचं ते सगळं एका दिवसात तेराला झालं. बाराला काहीच झालं नाही. असं का, ते विचारायचं नाही.

आता हे तेरा द्यायचे कसे? दहाचं नाणं एक, आणि वर एकेका शतांशाची तीन. शतांश हे असं आमच्या नशिबी आलं, आणि आल्या दिवसापासून ते कुणालाच नको होतं. दुकानदार घेताना तोंड वाकडं करायचे. वजनाच्या यंत्रात टाकलं तर यंत्र ते थुंकून बाहेर टाकायचं. नाव तर असं, की उच्चारताना आपण अर्ज लिहितोय असं वाटावं. लोकांनी त्याला धड नाव द्यायचे बरेच प्रयत्न केले. कुणी ‘गुंडी’ म्हणायचं, कुणी ‘खपली’. एकही टिकलं नाही. टिकलं ते माझ्या वहिनीने दिलेलं.

वहिनी बँकेत कॅशियर आहे. आमचं घर तिच्या पगारावर चालतं. दादाचं टायरचं दुकान चाललं तर चाललं. बाई मनाने वाईट नाही, हे मी रागातसुद्धा कबूल करते. पण जिभेला लगाम नाही. रांगेतल्या लोकांना हसवत हसवत नोटा मोजते, म्हणून तिच्याच खिडकीशी रांग मोठी. नवी नाणी येऊन दोनेक आठवडे झाले असतील. लोक पिशव्या भरभरून शतांश परत आणून टाकत होते. एक किराणावाला वैतागून तिला म्हणाला, “अहो बाई, सकाळी गिऱ्हाइकाला देतो, संध्याकाळी हीच फिरून माझ्या गल्ल्यात. करू काय यांचं?” आणि वहिनी म्हणाली, “आमच्या घरी पण एक आहे अशीच, टिल्ली. कुठेही द्या, फिरून घरी परत येते.”

रांग हसली. किराणावाल्याने ते दुकानात सांगितलं, गिऱ्हाइकांनी घरी सांगितलं. दहाबारा दिवसांनी भाजी घेताना माझ्या कानावर पडलं, “दोन टिल्ल्या सुट्या द्या की.” मी आधी मागे वळून बघितलं. वाटलं, मलाच हाक मारतंय कुणी. मग एका वर्तमानपत्राने चित्रासकट छापलं. दारात पिशवी घेऊन उभी एक इवलीशी बाई, तिला हातपाय आणि अंग म्हणून एक गोल नाणं. त्या दिवसापासून सगळीकडे तेच.

मी तेव्हा घरी परत येऊन महिना झाला होता. दुसऱ्यांदा परत येऊन.

कशाला आलीस, हे मला इतक्यांनी विचारलंय की आता तोंडपाठ झालंय. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. बोलत नव्हता. काही खटकलं की बोलणं बंद, महिना महिना. काय खटकलं ते मी ओळखायचं. भिंतीशी संसार करून बघा, म्हणजे कळेल. पण लोकांना कारण जरा घसघशीत लागतं. “बोलत नाही म्हणून निघून आलीस?” असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघून मलाच वाटायला लागतं की एखादी तरी थोबाडीत खाऊन यायला हवं होतं. पहिल्यांदा आले तेव्हा बाबांनीच समजूत घालून नेऊन सोडलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. बाबांनी दार उघडलं, माझ्या हातातली बॅग घेतली आणि दूध तापत ठेवलं. एक अक्षर विचारलं नाही. पेला पुढे सरकवून म्हणाले, “टिल्ले, गरम आहे, बशीत ओतून घे.”

टिल्ली हे नाव त्यांचं. बाबा तराजू दुरुस्त करायचे. सोनारांचे नाजूक काटे, औषधवाल्यांचे काटे. त्यांच्याकडे वजनांची एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात सगळ्यात धाकटं वजन तांदळाच्या दाण्याएवढं, चिमट्यानेच उचलायचं. त्याला ते टिल्ली म्हणत. मी जन्मले तेव्हा इतकी लहान होते की वाचेन असं कुणाला वाटत नव्हतं. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, ही माझी टिल्ली. आई सांगायची मला हे, ती होती तोवर. कागदोपत्री माझं नाव वेगळं, भारदस्त आहे. शाळेत तेच, लग्नात तेच. टिल्ली फक्त घरात, आणि खरं म्हणजे फक्त बाबांच्या तोंडी. दादाने लहानपणी चिडवायला वापरलं तर तो मार खायचा.

आणि ते नाव वहिनीने बँकेच्या खिडकीत सांडून टाकलं.

तिने माफी मागितली. नाही म्हणत नाही मी. माझ्यासमोर बसून रडली. पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मी काय मुद्दाम केलं का? तोंडातून निघून गेलं.” ते ऐकून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलायला लागले. मीठ दे. नळ बंद कर. चावी कुठाय. मला माहीत होतं की मी तिच्या घरात राहते, तिच्या पगाराचं जेवते. म्हणूनच तर जास्त राग. भांडायची सोय नव्हती, मग अबोला धरला. नवऱ्याकडून दुसरं काही शिकले नव्हते, एवढं तरी शिकून आले.

पण खरं दुखलं ते वेगळंच. बाबांनी मला हाक मारणं बंद केलं.

रागावले नव्हते. जमेना त्यांना. “टि...” एवढं तोंडातून निघायचं आणि थांबायचं. मग “अगं,” नाहीतर “ऐकतेस का.” एकदा तर त्यांनी माझं कागदावरचं नाव घेतलं, तेव्हा आम्ही दोघंही असे चपापलो जसं काही घरात पाहुणा आलाय. मी म्हटलं, “बाबा, टिल्लीच म्हणा ना.” तर म्हणाले, “बाजारात कुणीही कुणालाही देतंय-घेतंय ते नाव. तुला कसं म्हणू?” आणि चष्मा पुसत बसले.

त्यावर त्यांनी स्वतःचाच एक उपाय काढला. नाण्याला शतांश म्हणायचं. स्वतः तर म्हणायचंच, दुसऱ्यालाही म्हणायला लावायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस भाजीवालीशी हुज्जत घालतोय, “टिल्ली नाही बाई, शतांश. शतांश म्हणा.” ती म्हणायची, “आजोबा, परीक्षेला बसलाय का?” आजूबाजूचे हसायचे. बाबा भाजी न घेताच घरी यायचे. आमच्या गल्लीतल्या पोरांना कळलं तेव्हा ती त्यांच्या मागे “ओ शतांश” करत जायची. मी बरोबर असले की दोन पावलं मागे राहायचे. हो, राहायचे. मला त्यांची लाज वाटायची. ते कुणासाठी करतायत हे माहीत असून वाटायची. एकदा मी चिडून म्हटलं, “तुमच्या एकट्याच्या म्हणण्याने काय होणार आहे, बाबा? उलट लोक विचारतील, म्हाताऱ्याला एवढं का झोंबतं. मग कळेल त्यांना.” ते म्हणाले, “माझ्या तोंडून तरी नको.” तो विषय तिथेच राहिला.

मग मला नोकरी लागली. नशिबाला विनोदबुद्धी असते म्हणतात; माझ्या नशिबाला जरा जास्तच आहे. नदीवरच्या धक्क्यावर होडीच्या तिकिटांची खिडकी. पलीकडे जायचं तिकीट पूर्वी एक चवली होतं. म्हणजे आता किती, ते तुम्हीच सांगा. सगळ्या गावात मिळून लागत नाहीत इतक्या टिल्ल्या त्या एका खिडकीत लागतात. सकाळी बसले की उठेपर्यंत माझं एकच वाक्य: दहा आणि तीन टिल्ल्या. दहा आणि तीन टिल्ल्या. पहिल्या दिवशी मी ‘दहा आणि तीन सुटे’ म्हणून बघितलं. पहिलाच उतारू म्हणाला, “तीन सुटे काय? टिल्ल्या?” मी म्हटलं, “हो.” संपलं.

पण नोकरी मला हवी होती. अगदी जीव टाकून हवी होती. पहिला पगार आला तेव्हा मी घरखर्चाचा माझा वाटा फ्रीजवर ठेवला आणि वहिनीला म्हटलं, “तिथे ठेवलेत.” त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं. या खिडकीमुळे माझी मान जरा वर झाली होती. फक्त एक सांभाळायचं होतं: धक्क्यावर कुणाला कळता कामा नये की ती टिल्ली मी. कळलं असतं तर होडीत बसायच्या आधी लोक मला बघायला थांबले असते. मी ती खिडकी सोडली असती, आणि ती सोडून मला दुसरीकडे बसवणार होतं कोण?

फाटकावर तिकिटं फाडायला एक जाडगेला माणूस होता. आम्ही त्याला फाटकवाला म्हणायचो. मनमोकळा, सगळ्यांशी सलगी, दिवसातून दोनदा माझ्यासाठी चहा आणणार. त्याला विनोद सांगायची खाज. आणि टिल्लीचा विनोद त्याचा लाडका. “कुठल्याशा बँकवालीची नणंद म्हणे. नवऱ्याने हाकलली, परत आली. परत पाठवली, परत आली. आता कायमची घरात.” लोक हसायचे. मी नोटा सरळ करत बसायचे. एक दिवस तो चहाचा पेला खिडकीत ठेवत म्हणाला, “ताई, तुम्ही या गोष्टीला कधी हसत नाही. ओळखीतली आहे की काय ती?”

गमतीत म्हणाला तो. पण आता गप्प राहिले तर हा पुन्हा विचारणार, आणि एकदा शंका आली की माणूस खोदत बसतो. म्हणून मी मान वर केली आणि म्हटलं, “हसू कशाला? तुम्हाला पुढचं माहीतच नाही.”

“पुढचं काय?”

“टिल्ली परत आली. दार वाजवलं. बापाने फटीतून बघितलं आणि आतूनच म्हणाला, ‘सुटे नाहीत, पुढच्या दारी जा.’”

कुठून सुचलं मला ठाऊक नाही. फाटकवाला चहा सांडेपर्यंत हसला. खिडकीशी दोन बायका होत्या, त्याही हसल्या. आणि मला बरं वाटलं. आता हे सांगताना तोंड लपवावंसं वाटतं, पण बरं वाटलं हे खरं आहे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा लोक त्या नावाला हसत होते आणि मी हसणाऱ्यांच्या बाजूला होते. दुसऱ्या दिवशी फाटकवाल्याने चार जणांना आणून म्हटलं, “ताई, सांगा ती.” मी सांगितली. हळूहळू ती माझीच झाली. कुठे थांबायचं, ‘आतूनच’ वर कसा जोर द्यायचा, हे मला चांगलं जमायला लागलं. बाप जरा घोगऱ्या आवाजात बोलायचा. रोज येणारे उतारू नवख्यांना सांगायचे, या खिडकीवर तिकीट काढा, ताई फार मजेशीर आहेत.

ज्या माणसाने माझी बॅग घेतली होती, दूध तापवलं होतं, त्याच्याच तोंडी मी ते घालत होते. मनात यायचं ते. मी म्हणायचे, त्यांना कुठे कळणार आहे?

परवा जेवताना बाबा म्हणाले, “एकदा येऊन बघायला हवं, कुठे बसतेस ते.” मला डोळ्यांपुढे दिसलं: रांगेत बाबा, आणि “शतांश म्हणा.” मी म्हटलं, “बघण्यासारखं काही नाही हो. धूळ, गर्दी. नका येऊ.” ते म्हणाले, “बरं.” ते बरं म्हणाले की विषय संपतो, असा माझा समज.

काल सुट्टीचा दिवस होता आणि होडीचं इंजिन सुरू होईना. रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली, ऊन वाढलेलं, लोक कुरकुरायला लागलेले. फाटकवाला माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, लोक तापलेत. होऊन जाऊ दे.” मी तिकिटं देता देता सुरू केली. खिडकीसमोर एक उंच माणूस होता, खांद्यावर गुंडाळलेली गादी घेऊन. त्याच्यामागचं मला काही दिसत नव्हतं. मी नेहमीसारखी थांबले, नेहमीसारखा आवाज घोगरा केला. “बापाने फटीतून बघितलं, आणि आतूनच म्हणाला, सुटे नाहीत. पुढच्या दारी जा.”

रांग खदखदून हसली. गादीवाला हसत हसत तिकीट घेऊन बाजूला झाला, आणि त्याच्यामागे बाबा उभे होते.

इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी. केस पाणी लावून बसवलेले. मुलीची नोकरी बघायला आले होते ना. ते हसत नव्हते. रागावलेलेही नव्हते. चेहरा असा होता जसं कुणी त्यांना दुसऱ्याच भाषेत काही सांगितलंय आणि ते त्याचा अर्थ लावतायत. मग अर्थ लागला. मला दिसलं ते, लागताना.

त्यांनी मूठ पुढे केली. “एक तिकीट द्या. तेरा शतांश ना?”

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. फाटकवाला फाटक सोडून दोन पावलं पुढे आला. “अहो आजोबा, शतांश कुठून काढलंत? टिल्ली म्हणा, टिल्ली. ताई, सांगा हो यांना.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मजेशीर ताई आता काय बोलते ते ऐकायला. बाबाही बघत होते. ‘हे माझे बाबा आहेत.’ चारच शब्द लागणार होते. किंवा नुसतं ‘बाबा’. ते म्हटलं असतं तर फाटकवाल्याने विचारलं असतं, शतांश का म्हणतात हो तुमचे बाबा? आणि मग एकातून एक निघत गेलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात हिशेबासारखं मांडून झालं. मी म्हटलं, “आजोबा, टिल्ली म्हणतात त्याला.”

आजोबा म्हटलं मी. माझ्या बाबांना.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्यांनी मान हलवली, आणि एखाद्या परक्या बाईशी बोलावं तितक्या अदबीने म्हणाले, “असं होय, बाई. चुकलं माझं. हे घ्या. दहा, आणि तीन टिल्ल्या.”

आठ महिन्यांनी त्यांच्या तोंडून माझं नाव निघालं. अनेकवचनात. त्यांनी ती तीन नाणी एकेक करून लाकडी फळीवर ठेवली, उडू नयेत म्हणून बोट धरून ठेवलं, आणि म्हणाले, “बघून घ्या, बाई. बरोबर आहेत ना?”

“बरोबर आहेत,” मी म्हटलं.

फाटकवाल्याने त्यांचं तिकीट फाडलं आणि पाठीवर थाप मारली. “शिकलात बघा.” बाबा म्हणाले, “या वयात जरा वेळ लागतो.” लोक हसले. यावेळी प्रेमाने हसले, आणि बाबाही थोडं हसले. तेवढ्यात इंजिन सुरू झालं. पलीकडे त्यांचं काही काम नव्हतं, कुणी ओळखीचं नव्हतं. पण तिकीट काढलं होतं म्हणून ते होडीत जाऊन बसले. मी उठले नाही. पुढच्या माणसाला म्हटलं, दहा आणि तीन टिल्ल्या. त्याच्या पुढच्यालाही म्हटलं.

संध्याकाळी घरी जायला मी उशीर केला. धक्क्यावरचा नळ बंद करून आले, कुलूप दोनदा ओढून बघितलं. रस्ता संपूच नये असं वाटत होतं. वहिनीची आठवण येत होती, आणि तीसुद्धा नको वाटत होती. आठ महिने मी तिला अबोल्याने भाजून काढलं होतं. तिच्या तोंडून एकदा, नकळत, गेलं होतं. आणि मी? मी समोर बघून, ओळखून, विचार करून बोलले होते. आता तिच्यावर कुठल्या तोंडाने रागावू? एक राग होता तेवढाच माझा स्वतःचा होता त्या घरात, तोही राहिला नव्हता.

दार उघडंच होतं. आत सगळे जेवायला बसलेले. मी चपला काढत होते तेवढ्यात बाबांचा आवाज आला. रंगात येऊन सांगत होते.

“केवढी रांग, आणि ही पोरगी एकटी सगळ्यांना पुरी पडते. हिशेब एकदम चोख. लोक उन्हात उभे, पण एक जण चिडलेला नाही. सगळ्यांना हसवत ठेवते.”

“हो का?” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात खरंच कौतुक होतं.

दादाने विचारलं, “मग? तुम्हाला बघून काय म्हणाली?”

“मला कुठे बघते ती? एवढी गर्दी. वर मान करायलाही फुरसत नव्हती तिला. मी आपला दुसऱ्याच्या मागून तिकीट घेतलं आणि होडीत बसून आलो. छान वारा होता पलीकडे.”

मी दारात उभी होते. एक चप्पल पायात, एक हातात. मी आत गेले असते, हात धुऊन बसले असते, तर झालंही असतं तेवढंच. बाबांनी सगळं आवरून ठेवलं होतं माझ्यासाठी. मला फक्त बसायचं होतं.

“फुरसत होती, बाबा,” मी म्हटलं.

तिघांनी वळून बघितलं. दादाला काही कळलं नाही. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिच्या हातातला डाव तसाच थांबला. बाबा पटकन म्हणाले, “असू दे गं. जेवायला बस.”

“मी बघितलं होतं तुम्हाला. आधी बघितलं आणि मग बोलले.”

“कळलं मला,” बाबा म्हणाले. आवाज अगदी हळू होता. “नोकरी आहे ना तुझी तिथे.”

त्यांनी माझ्यासाठी कारणही तयार ठेवलं होतं, चांगलं घसघशीत. ते ताटातलं सारखं करत बसले, आणि वहिनीने न विचारता माझं पान वाढलं.